३१२ नावे आणि ४८,५१६ प्रश्न

दहावीचा निकाल लागला की ठाण्यातल्या घराघरांत काही आठवडे गुणवत्ता यादीखेरीज दुसरा विषय नसतो. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाले आहेत आणि राज्यात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी दहावीला बसतात. एवढ्यांची यादी 'संगणक लावतो' असे आपण सहज म्हणून जातो. पण लावतो म्हणजे नेमके काय करतो, आणि एका प्रोग्रॅमला जे काम क्षणात जमते तेच दुसऱ्याला मिनिटभर का पुरते, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

मलाही नव्हते. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या गृहसंकुलात ३१२ सदनिका आहेत, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या हजेरीपटासाठी सभासदांची नावे आडनावांप्रमाणे लावणारा एक छोटा प्रोग्रॅम मी हौसेने लिहिला होता. यादी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तयार झाली, म्हणून मी खूश होतो. सभेच्या दिवशी मात्र एका आजोबांना त्यांचे 'काळे' हे आडनाव पटावर सापडेना. त्यांनी 'कावळे' पाहिले, 'कासार' पाहिले, त्यापुढे काळे नाहीत असे दिसल्यावर "नाव उडवलंत वाटतं माझं?" असे मला विचारले, आणि शेवटी त्यांचे नाव मागच्या पानावर निघाले. ती चूक शोधायला बसलो तेव्हा सहज कुतूहल म्हणून प्रोग्रॅममध्ये एक मोजणी घातली : ही यादी लावताना तू दोन नावांची तुलना किती वेळा केलीस? उत्तर आले, ४८,५१६.

संगणकाला फक्त एक प्रश्न येतो

आपण वीस नावे समोर पसरली की नजर एकदम सगळ्यांवरून फिरते. संगणकाला तशी नजर नसते. क्रम लावणाऱ्या नेहमीच्या अल्गोरिदमला, म्हणजे काम करण्याच्या पायरीपायरीने ठरवलेल्या रीतीला, एकच प्रश्न विचारता येतो : या दोघांपैकी आधी कोण? अल्गोरिदम किती चांगला, हे बऱ्याच अंशी त्याने असे किती प्रश्न विचारले यावर ठरते.

माझा प्रोग्रॅम सगळ्यांत भाबड्या रीतीने चालत होता. पूर्ण यादी धुंडाळून पहिले नाव शोधायचे आणि बाजूला ठेवायचे, उरलेली यादी पुन्हा धुंडाळून दुसरे शोधायचे, मग तिसरे. पहिल्या फेरीत ३११ प्रश्न, दुसरीत ३१०, असे करत एकूण ४८,५१६ होतात, म्हणजे ३१२ नावांच्या जितक्या जोड्या पडतात तितके प्रश्न. यातली उधळपट्टी अशी की पहिल्या फेरीत प्रोग्रॅमला कुलकर्णी गोखल्यांच्या आधी, जाधव पाटलांच्या आधी, अशा पुष्कळ गोष्टी कळल्या होत्या. पण 'पहिला कोण' एवढेच उत्तर ठेवून बाकी सगळी माहिती त्याने फेकून दिली आणि पुढच्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून चौकशी सुरू केली. सरकारी खिडकीवर दर वेळी नव्याने आधार कार्ड मागावे, तसा हा प्रकार आहे. सॉर्टिंगमधल्या, म्हणजे क्रम लावण्याच्या रीतींमधल्या, जवळजवळ सगळ्या सुधारणा या एका दोषावरचे उपाय आहेत : एकदा मिळालेले उत्तर वाया जाऊ द्यायचे नाही.

पत्ते लावण्याची रीत

रमी खेळणारा माणूस हातातले पत्ते कसे लावतो ते आठवून पाहा. हातातले पत्ते लावलेलेच असतात. नवा पत्ता आला की तो उजवीकडून डावीकडे नेत योग्य फटीत खोचायचा. या रीतीला इन्सर्शन सॉर्ट म्हणतात, आणि प्रोग्रॅममध्ये ती एवढीशीच असते :

दुसऱ्या नावापासून शेवटपर्यंत एकेक नाव उचला;
जोवर त्याच्या डावीकडचे नाव त्याच्यानंतर यायला हवे, तोवर ते डावीकडचे नाव एक घर उजवीकडे सरकवा;
मोकळ्या झालेल्या घरात उचललेले नाव ठेवा.

यादी अगदी उलटी असेल तर या रीतीलाही ४८,५१६ प्रश्नच लागतात. पण यादी आधीच लावलेली असेल तर प्रत्येक नावाला 'तू शेजाऱ्यानंतरच ना?' एवढा एकच प्रश्न विचारून काम ३११ प्रश्नांत संपते. व्यवहारातल्या याद्या क्वचितच पूर्ण विस्कटलेल्या असतात, त्यामुळे हा फरक दिसतो त्याहून मोलाचा आहे.

दुसऱ्या ओळीतील 'नंतर' या शब्दाकडेही नीट पाहायला हवे. तिथे 'नंतर किंवा बरोबरीचे' असे लिहिले तरी यादी बरोबरच लागते, पण सारख्या आडनावांचा आपसातला क्रम उलटतो. आमच्याकडे पाटील बरेच आहेत. यादी आधी सदनिका क्रमांकाने लावून मग आडनावाने लावली, तर सगळे पाटील एकत्र येऊन त्यांच्यात सदनिकांचा क्रम तसाच राहावा अशी आपली अपेक्षा असते. जी रीत हा आधीचा क्रम जपते तिला स्टेबल सॉर्ट म्हणतात. प्रोग्रॅममध्ये हा फरक एका चिन्हाचा असतो आणि तो चाचणीत सहसा पकडला जात नाही, कारण चाचणीसाठी आपण घेतलेली नावे बहुधा सगळी वेगवेगळी असतात.

दोन लावलेल्या गड्ड्या

समजा, दोन विंगच्या सचिवांनी आपापल्या पावत्या लावून आणल्या आहेत आणि त्यांची एक गड्डी करायची आहे. दोन्ही गड्ड्यांच्या वरच्या पावत्या पाहायच्या, जी आधीची असेल ती उचलायची, की पुढची वर येते. गड्डीच्या पोटातल्या पावत्यांना काही विचारावे लागत नाही, कारण त्या वरचीनंतरच्याच आहेत हे आधी मिळालेले उत्तर आपल्याजवळ शाबूत आहे. मग या लावलेल्या गड्ड्या तरी कुठून आल्या? त्याच रीतीने, आणखी लहान गड्ड्या जोडून. आणि एकाच पावतीची गड्डी तर मुळातच लावलेली असते. १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी मांडलेला हा मर्ज सॉर्ट. आमच्या ३१२ नावांना तो जास्तीत जास्त २,२९७ प्रश्न विचारतो.

४८,५१६ वरून २,२९७. इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे : ही घट अशीच चालू राहून कधीतरी दोनशे प्रश्नांतही काम होईल का? तुलना करूनच क्रम लावायचा असेल, तर नाही. तीन नावे सहा प्रकारे लावता येतात, पाच नावे १२० प्रकारे. हो-नाही प्रकारच्या एका प्रश्नाने उरलेल्या शक्यता फार तर निम्म्या होण्याचीच हमी मिळते, त्याहून जास्त नाही. सहा प्रश्नांनी ६४ शक्यता वेगळ्या ओळखता येतात, सात प्रश्नांनी १२८. म्हणून कसेही विस्कटलेले पाच जण लावायला सातपेक्षा कमी प्रश्न पुरतील अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. हाच हिशेब ३१२ नावांसाठी केला तर किमान मर्यादा २,१४० च्या जरा वर येते. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीचा मर्ज सॉर्ट त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेला आहे. कोणी 'दसपट वेगवान सॉर्ट' शोधल्याचा दावा केला, तर त्याने तुलना टाळली असणार किंवा यादीबद्दल काहीतरी आधीच गृहीत धरले असणार, एवढे या हिशेबावरून निश्चित म्हणता येते.

यंत्र वेगवान आहे, मग हा खटाटोप कशाला?

३१२ नावांसाठी खरोखरच गरज नाही. माझ्या भाबड्या प्रोग्रॅमलाही वेळ लागला नव्हता. पण एक लाख नावे घेतली तर भाबड्या रीतीचे प्रश्न जवळपास ५०० कोटी होतात आणि मर्ज सॉर्टचे जास्तीत जास्त १५ लाख ६९ हजार. यंत्र सेकंदाला दहा कोटी तुलना करते असे समजू : एका रीतीला पन्नास सेकंद, दुसरीला सेकंदाचा साठावा भाग. नवे, दुप्पट वेगाचे यंत्र घेतले तर पन्नासाचे पंचवीस होतील, आणि यादी दुप्पट झाली की भाबड्या रीतीचे काम चौपट वाढून तो फायदा बुडवून वर आणखी तोटा करील.

क्विकसॉर्ट आणि त्याची दुखरी जागा

१९५९ मध्ये मॉस्को विद्यापीठात शिकायला गेलेल्या टोनी होअर या ब्रिटिश तरुणाला रशियनमधून इंग्रजीत यंत्राने भाषांतर करण्याच्या कामात एक अडचण आली. शब्दकोश चुंबकीय फितीवर अकारविल्हे होता आणि फीत सारखी मागेपुढे करणे परवडणारे नव्हते. त्यामुळे वाक्यातले शब्दच आधी अकारविल्हे लावून घेणे भाग होते. त्यातून क्विकसॉर्ट निघाला. एक नाव मधला खांब म्हणून निवडायचे, त्याच्या आधीची नावे डावीकडे आणि नंतरची उजवीकडे टाकायची, आणि दोन्ही बाजूंना पुन्हा तेच करायचे. डावीकडच्यांना उजवीकडच्यांबद्दल पुन्हा कधीच विचारावे लागत नाही. मर्ज सॉर्टप्रमाणे वेगळी मोठी जागाही लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात तो फार वेगाने धावतो.

मात्र खांब म्हणून नेहमी पहिलेच नाव घेतले आणि यादी आधीच लावलेली निघाली, तर डावी बाजू दर वेळी रिकामी राहते आणि क्विकसॉर्ट पुन्हा ४८,५१६ वर येऊन बसतो. जी यादी सर्वांत सोपी असायला हवी, तीच त्याला सर्वांत जड जाते. यावरचा साधा उपाय म्हणजे पहिले, मधले आणि शेवटचे यांतले मधल्या क्रमाचे नाव खांब म्हणून घेणे, किंवा खांब चिठ्ठी काढल्यासारखा निवडणे. १९९७ मध्ये डेव्हिड मसर यांनी याहून पक्का बंदोबस्त केला : तुकड्यांचे तुकडे पाडणे प्रमाणाबाहेर खोल जाऊ लागले की क्विकसॉर्ट सोडून हीपसॉर्ट या दुसऱ्या, कधीही न बिघडणाऱ्या रीतीवर जायचे. या मिश्रणाला इन्ट्रोसॉर्ट म्हणतात. यादीचे तुकडे पंधरा-वीस नावांइतके लहान झाले की तिथे इन्सर्शन सॉर्ट वापरणे, ही सुधारणा तर जवळजवळ सगळेच करतात. चार पावत्यांसाठी गड्ड्या पाडण्याचा सोपस्कार महाग पडतो.

आंब्यांची प्रतवारी

वाशीच्या घाऊक बाजारात येणारी हापूसची पेटी चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशी आकारावरून ओळखली जाते. प्रतवारी करणारा माणूस हा आंबा त्या आंब्यापेक्षा मोठा की लहान असे विचारत बसत नाही. आंबा हातात घेतला की त्याचा ढीग ठरलेला असतो. तुलना नाहीच, म्हणून वरची किमान मर्यादाही इथे लागू होत नाही. याला काउंटिंग सॉर्ट म्हणतात, आणि दहावीच्या गुणांना तो चपखल बसतो. उत्तम पाच विषयांचे एकूण गुण ० ते ५०० असतात, म्हणजे कप्पे ५०१. पंधरा लाख विद्यार्थ्यांना एकदा ओळीने आपापल्या कप्प्यात टाकले आणि कप्पे वरून खाली वाचले, की यादी तयार. तुलना करत बसलो असतो तर प्रश्न कोटींच्या घरात गेले असते.

पण याच हिशेबातून एक अडचण वर येते. पंधरा लाख माणसे आणि ५०१ कप्पे म्हटले की एखाद्या कप्प्यात किमान २,९९५ जण असणारच, आणि प्रत्यक्षात गर्दीच्या कप्प्यांत त्याहून कितीतरी जास्त. सारखे गुण असलेल्या त्या हजारोंमध्ये आधी कोण, हे नियमाने आधी ठरवून प्रोग्रॅमला सांगावे लागते. ते सांगितले नाही तरी प्रोग्रॅम यादी देतोच. फक्त ती अर्ज भरले त्या क्रमाने, किंवा रीत स्टेबल नसेल तर कोणालाच कारण सांगता येणार नाही अशा क्रमाने येते.

'आधी' म्हणजे काय?

आता आजोबांच्या आडनावाकडे येऊ. माझी रीत संथ होती, पण यादी चुकली ती त्यामुळे नव्हे. 'आधी कोण?' या प्रश्नाचे उत्तर मी यंत्रावर सोडले होते. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. काही वेगळे सांगितले नाही तर प्रोग्रॅम अक्षरांऐवजी हे क्रमांक ताडून पाहतो. तिथे ल २३५४ आहे, ळ २३५५ आणि व २३५७. ही मांडणी भारतीय लिप्यांना समान चौकट देणाऱ्या १९८८ च्या इस्की या संकेतावरून आली, आणि त्यात ळ हा ल च्या शेजारी बसवलेला आहे. आपण शाळेत मात्र 'ह, ळ, क्ष, ज्ञ' असे म्हणतो. म्हणून यंत्राच्या मते काळे कावळ्यांच्या आधी आणि आजोबांच्या मते कासारांच्याही नंतर. बरोबर आजोबाच होते.

क्षीरसागर तर आणखी गमतीदार ठिकाणी सापडले. यंत्राच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्ताचे चिन्ह आणि ष; ते चिन्ह सगळ्या काना-मात्रांनंतर येते, त्यामुळे क्षीरसागर कोळी यांच्यानंतर आणि खरे यांच्या आधी जाऊन बसले होते. क्ष हे जोडाक्षर असल्याने ते क मध्येच धरावे असे मानणारेही आहेत आणि त्यांच्याशी भांडण नाही. पण तो निर्णय माणसाने घ्यायचा असतो. याशिवाय 'कऱ्हाडकर' मधला ऱ हा एक अक्षर म्हणून साठवता येतो किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असा दोन चिन्हांनीही. दिसायला एकच असलेली ही दोन आडनावे यंत्राला निरनिराळी वाटतात, म्हणून तुलनेआधी सगळी नावे एकाच पद्धतीत आणावी लागतात. मराठीच्या वर्णक्रमाचे नियम आता तयार मिळतात. ते मागून घ्यावे लागतात, एवढेच.

सदनिकांच्या क्रमांकांचीही हीच गत. आकडे मजकूर म्हणून साठवले असतील तर १००१ हा १०१ च्या आधी येतो, कारण तिसऱ्या अक्षराशी ० हा १ च्या आधी आहे आणि यंत्र तिथेच थांबते. दहाव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना पहिल्या मजल्याच्या आधी पाणीपट्टीची पावती का जाते, याचे हेच कारण असते.

तुलनेचा नियम स्वतःशी सुसंगतही असायला हवा. पहिला दुसऱ्याच्या आधी, दुसरा तिसऱ्याच्या आधी, आणि तरीही तिसरा पहिल्याच्या आधी, असा दगड-कागद-कात्रीचा नियम दिला तर कोणतीही रीत कोलमडते. जुनी उत्तरे जपण्याचा सगळा फायदा ती उत्तरे पुढेही खरी राहतील या भरवशावर उभा आहे.

तयार सॉर्ट असताना स्वतः का लिहायचा?

रोजच्या कामासाठी लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत २००२ साली टिम पीटर्स यांनी घातलेला टिमसॉर्ट पुढे जावा या दुसऱ्या भाषेनेही घेतला. तो यादीत मुळातच लावलेले सलग तुकडे शोधतो, फार लहान तुकडे इन्सर्शन सॉर्टने वाढवतो आणि मग मर्ज करतो. म्हणजे यादीने न विचारता दिलेली उत्तरेसुद्धा तो वाया जाऊ देत नाही. शिवाय तो स्टेबल आहे. हौशी माणसाने रविवारी दुपारी लिहिलेली रीत त्याला मागे टाकील, ही शक्यता फार कमी.

तरी एकदा हाताने लिहून पाहावा, कारण यातल्या चुका इतक्या बेमालूम असतात की त्या तज्ज्ञांनाही चकवतात. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले की जावासोबत मिळणाऱ्या तयार प्रोग्रॅमच्या संचातील, यादी मध्यावर उघडत नाव शोधण्याच्या रीतीत आणि अनेक मर्ज सॉर्टमध्येही मधली जागा काढणारी ओळ चुकीची होती. दोन टोकांची बेरीज करून निम्मे करायचे, यात चुकण्यासारखे काय आहे? यादी १०७ कोटींहून मोठी झाली की ती बेरीज ३२ बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे आकडा साठवण्याच्या ठरावीक जागेत, मावत नाही आणि ऋण होते. आधी दोन टोकांतले अंतर काढून, त्याचे निम्मे पहिल्या टोकात मिळवले की चूक राहत नाही. टिमसॉर्टमध्येही २०१५ मध्ये एक दोष निघाला, तोही वापरातून नव्हे, तर प्रोग्रॅम बरोबर असल्याचे गणिताने सिद्ध करू पाहताना.

स्वतः लिहिलेला सॉर्ट तपासताना फक्त 'निकाल क्रमाने आहे का' एवढेच पाहू नये. रिकामी यादी परत देणारा प्रोग्रॅम त्या परीक्षेत पहिला येतो. आत गेलेली सगळी नावे, तितक्याच वेळा, बाहेर आली का, हेही पाहावे लागते. आणि चाचणीत रिकामी, एकाच नावाची, उलटी व पाटलांनीच भरलेली यादी असावी.

यंत्रानेच नवा सॉर्ट शोधला म्हणतात, ते काय?

जून २०२३ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीच्या अल्फाडेव्ह या प्रणालीने सॉर्टिंगमध्ये सुधारणा केल्याची बातमी आली होती आणि ती खरी आहे. पण सुधारणा तीन-चार-पाच घटकांच्या चिमुकल्या याद्यांसाठी, यंत्राच्या अगदी खालच्या पातळीवरच्या सूचना वाचवून केलेली होती. छोट्या याद्यांत वेग ७० टक्क्यांपर्यंत वाढला, तर अडीच लाखांहून मोठ्या याद्यांत सुमारे १.७ टक्के. प्रश्नांची किमान मर्यादा जिथे होती तिथेच आहे. प्रत्येक प्रश्न थोडा स्वस्त झाला.

आमच्या यादीचा शेवट त्या मानाने साधा झाला. वर्षभरात तीन सदनिका विकल्या गेल्या, जुन्या मालकांची नावे कमी करून तीन नवी नावे शेवटी जोडली. आधीची ३०९ नावे लावलेलीच आहेत याची खात्री करायला ३०८ प्रश्न लागले, आणि प्रत्येक नव्या नावाची जागा शब्दकोश मध्यावर उघडत जावे तशी शोधायला फार तर नऊ. मराठीचा वर्णक्रम लावून यंदाचा हजेरीपट ३३५ प्रश्नांत तयार झाला, आणि काळे कासारांच्या खाली आहेत.